उपचार संपले, फ्लूची लस घ्यायची की नाही?

लेखमाला : कर्करोगानंतरचे आयुष्य (लेखांक सातवा)

मागच्या आठवड्यात केमोथेरपीनंतर रक्तातले काउंट कसे आणि किती दिवसांत भरून येतात ते पाहिले. त्याला लागूनच येणारा आजचा प्रश्न वरकरणी किरकोळ आहे: उपचार संपलेल्या माणसाने दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी का? किरकोळ असल्यामुळेच तो कुणाच्या वाट्याला येत नाही. कर्करोगतज्ज्ञाच्या ओपीडीत मिळालेल्या पाच-सात मिनिटांत स्कॅन, रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्या एवढेच उरकते. लशीचा विषय निघालाच तर ‘फॅमिली डॉक्टरांना विचारा’ असे उत्तर मिळते. फॅमिली डॉक्टर फाइलची जाडी पाहूनच सावध होतात आणि ‘तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच विचारलेलं बरं’ म्हणतात. या टोलवाटोलवीत पावसाळा येऊन ठेपतो, घरातले कुणी ‘आधीच शरीर थकलंय, त्यात आणखी एक सुई कशाला’ म्हणते आणि लस राहून जाते. नको असे कुणी ठरवलेले नसते, घ्यावी असेही कुणी ठरवलेले नसते. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: बहुतेकांनी ती घ्यावी. पण ‘लस फार प्रभावी आहे’ हे त्याचे कारण नाही. कर्करोगातून उठलेल्या माणसात ही लस निरोगी माणसापेक्षा कमी काम करते, आणि तरीही घ्यावी. असे का, याचा हिशेब आज मांडायचा आहे.

आधी फ्लूबद्दल. आपल्याकडे नाक वाहू लागले, घसा धरला की त्याला सर्रास फ्लू म्हणतात. पण इन्फ्लुएन्झा हा स्वतंत्र विषाणूचा आजार आहे आणि तो नेहमीच्या सर्दीसारखा दबक्या पावलांनी येत नाही. सकाळी कामावर गेलेला माणूस संध्याकाळी थंडी, ताप, अंगदुखीने आडवा होतो. बहुतेक जण आठवड्याभरात उठतात. ज्यांची प्रतिकारशक्ती तोकडी आहे त्यांच्यात मात्र विषाणू फुप्फुसात उतरतो किंवा त्याच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया येतो. महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि पुढचे कितीतरी आठवडे शहर तोंडाला रुमाल बांधून वावरले. तो विषाणू नंतर कुठे गेला नाही. आज तोच ‘एच-१-एन-१’ म्हणून दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा एक भाग झाला आहे. म्हणून औषधाच्या दुकानात ‘स्वाइन फ्लूची लस वेगळी का?’ असे विचारणाऱ्यांना उत्तर एकच: नाही, हंगामी लशीतच ती आहे. त्या लशीत ‘एच-१-एन-१’च्या जोडीला असतो ‘एच-३-एन-२’, ज्याने २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशभर खोकल्याची साथ पसरवली होती, आणि ‘बी’ प्रकारातला एक विषाणू. ‘बी’चे पूर्वी दोन वंश फिरत असत. त्यातला यामागाता नावाचा वंश २०२० च्या मार्चनंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने चौघांऐवजी तिघांची लस पुरे असे सांगितले. दुकानात कुठे चार प्रकारांची मिळेल, कुठे तीनांची. त्यावर अडून बसण्याचे कारण नाही.

आता खरा मुद्दा. उपचार संपले, स्कॅन स्वच्छ आला, केस परत आले; मग धोका अजून कशाला धरायचा? मागच्या लेखातल्या काउंटच्या गोष्टीने इथे एक गैरसमज होऊ शकतो. रक्ततपासणीच्या (सीबीसी) कागदावर पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा केमोनंतर काही आठवड्यांत नॉर्मल दिसू लागतो, कारण त्यात मोठा वाटा न्यूट्रोफिल्सचा असतो आणि त्या झटपट तयार होतात. विषाणूशी लढणे आणि लशीकडून शिकणे मात्र लिम्फोसाइट्स या पांढऱ्या पेशींकडे असते, आणि त्यांचे भरून येणे संथ असते. त्यांतल्या बी-पेशींना कित्येक महिने लागतात. मदतनीस टी-पेशींना प्रौढ माणसात वर्षभर किंवा त्याहूनही जास्त, कारण त्या जिथे तयार होऊन तालीम घेतात ती थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसलेली असते. इंग्लंडमधल्या लीड्स इथे स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तातल्या या पेशी मोजल्या गेल्या (२०१६ चा अभ्यास), तेव्हा केमो संपून नऊ महिने झाले तरी बी-पेशी आणि मदतनीस टी-पेशी पूर्वीच्या पातळीवर आलेल्या नव्हत्या. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल’ आणि ‘प्रतिकारशक्ती पूर्ववत’ या दोन गोष्टी एक नाहीत.

हे प्रयोगशाळेतले झाले. प्रत्यक्षात माणसे जास्त आजारी पडतात का? याचे सर्वांत मोठे उत्तर ब्रिटनमधून २०२० मध्ये आले. तिथे सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या असल्याने असा अभ्यास शक्य होतो. कर्करोगातून वाचलेल्या एक लाखाहून अधिक लोकांची तुलना कर्करोग कधीच न झालेल्या पाच लाखांवर लोकांशी केली गेली. रक्ताच्या कर्करोगातून, म्हणजे ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा यांतून, वाचलेल्यांना फ्लूमुळे रुग्णालयात दाखल होण्याचा किंवा मृत्यूचा धोका नऊपटींहून जास्त निघाला. स्तन, आतडे, तोंड अशा अवयवांच्या गाठींच्या कर्करोगानंतर तो निदानापासून पाच वर्षांपर्यंत दुपटीहून जास्त राहिला. इथे लगेच घाबरून जायचे नाही: मुळात धोका लहान असेल तर त्याची दुप्पटही लहानच असते. पण ‘उपचार संपले म्हणजे मी चारचौघांसारखा झालो’ हा समज निदान पहिल्या पाच वर्षांसाठी तरी खरा नाही, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

धोका आहे हे मान्य केले तरी लशीचीच भीती वाटते असे अनेक जण म्हणतात. ‘कमजोर शरीरात विषाणू सोडायचा?’ ही शंका अडाणीपणाची नाही. एका प्रकारच्या लशीबाबत ती अगदी रास्त आहे. फ्लूच्या लशी दोन जातींच्या. इंजेक्शनची लस बनते ती अशी: कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवतात, रसायनाने मारतात, मग त्याचे कवच फोडून आतले-बाहेरचे तुकडे वेगळे करतात आणि शुद्ध करतात. अर्ध्या मिलिलिटरच्या नेहमीच्या डोसमध्ये प्रत्येक विषाणूच्या पृष्ठभागावरचे हिमॅग्लुटिनिन नावाचे प्रथिन असते, फक्त १५ मायक्रोग्रॅम. त्यात जिवंत काहीच नाही. त्या तुकड्यांतून फ्लू होणे शक्यच नाही, मग घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती शून्य असो. दुसरी जात नाकात फवारायच्या लशीची. तिच्यात विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये आणलेली ‘नॅसोवॅक’ या जातीची. निरोगी मुलांसाठी ही कल्पना उत्तम आहे, पण उपचार चालू असलेल्या किंवा नुकतेच संपलेल्या कर्करुग्णाने तिच्या वाटेला जाऊ नये. तेव्हा विचारायचे ते ‘लस चालेल का’ असे नाही. ‘इंजेक्शनची, मृत विषाणूची लस चालेल का’ असे. उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येईल. (अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही आता ही लस दिली जाते. अंडे न खाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तो ज्याने त्याने आपल्या मनाशी सोडवायचा, पण औषध आणि आहार यांत आपल्या परंपरेने नेहमीच फरक केला आहे, एवढे नोंदवतो.)

आता ती किती काम करते? याबाबत मला सर्वांत विश्वासार्ह वाटतो तो कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास, आणि त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. नुसतेच ‘लस घेतलेले किती आजारी पडले, न घेतलेले किती’ असे मोजले तर फसगत होते, कारण लस घेणारा माणूस मुळातच प्रकृतीची काळजी घेणारा, हिंडता-फिरता, डॉक्टरकडे जाणारा असतो. त्याच्या बऱ्या प्रकृतीचे श्रेय फुकट लशीला जाते. म्हणून ऑन्टॅरिओच्या संशोधकांनी फक्त अशा कर्करुग्णांच्या नोंदी घेतल्या ज्यांना श्वसनाचा त्रास होऊन फ्लूची तपासणी झाली होती. सगळेच आजारी, सगळेच डॉक्टरपर्यंत पोचलेले. मग पाहिले की ज्यांची तपासणी फ्लू पॉझिटिव्ह आली त्यांच्यात लस घेतलेले किती आणि ज्यांना दुसऱ्याच कशाने खोकला झाला होता त्यांच्यात किती. सहा हंगाम, २६,४६३ रुग्ण. निष्कर्ष: लशीने फ्लूची शक्यता २१ टक्क्यांनी आणि फ्लूमुळे दाखल होण्याची शक्यता २० टक्क्यांनी घटली. गाठीच्या कर्करोगांत परिणामकारकता २५ टक्के. रक्ताच्या कर्करोगांत अवघी ८, आणि तो आकडा इतका डळमळीत की प्रत्यक्षात तो शून्यही असू शकेल. निरोगी लोकांत लशीची विषाणूशी जुळणी बरी असलेल्या वर्षी हाच आकडा ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास असतो.

‘वीस-पंचवीस टक्के? मग कशाला दीड-दोन हजार रुपये घालवायचे?’ हा यावरचा सर्वांत जोरदार आक्षेप, आणि तो टाळण्यासारखा नाही. पण त्यात एक चूक दडलेली आहे: टक्के कशाचे, हे तो विचारत नाही. हिशेबापुरते धरू की दहा हजार निरोगी, त्याच वयाच्या माणसांपैकी एका हंगामात दहा जण फ्लूने रुग्णालयात जातात. लस ५० टक्के प्रभावी, तर पाच जण वाचले. आता गाठीच्या कर्करोगातून उठलेले दहा हजार जण घ्या. धोका दुप्पट, म्हणजे वीस जण दाखल व्हायचे. लस २५ टक्के, तरी वाचले पाचच. रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्यांचा धोका नऊपट, म्हणजे नव्वद. तिथे ८ टक्के हा आकडा खरा निघाला तर वाचले सातएक जण. हे दोन देशांतल्या दोन वेगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून केलेले ढोबळ गणित आहे, त्यावर कुणी प्रबंध लिहू नये. पण त्यातून एक गोष्ट दिसते: लस दुबळी पडते ती नेमकी तिथेच, जिथे धोका मोठा असतो, आणि ही दोन टोके एकमेकांना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात. निरोगी माणसाला जितका फायदा, साधारण तितकाच कर्करोगातून उठलेल्यालाही. कोकणातल्या पावसात छत्री गुडघ्याखाली भिजणे थांबवत नाही, म्हणून कुणी ती घरी ठेवून निघत नाही. शिवाय ऑन्टॅरिओच्या अभ्यासात असे अनेक जण होते ज्यांचा आजार किंवा उपचार चालू होता. ज्यांचे उपचार संपून काळ लोटला आहे त्यांचे शरीर लशीला अधिक चांगला प्रतिसाद देईल अशी अपेक्षा करायला जागा आहे.

जाणकार वाचक इथे म्हणतील की हे सगळे निरीक्षणांवर आधारलेले पुरावे आहेत. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना लस, अर्ध्यांना नुसते पाणी, असा प्रयोग कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये कर्करुग्णांतल्या फ्लूच्या लशीचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या चाळणीतून केवळ सहा अभ्यास उरले, सुमारे २,३०० रुग्णांचे. मृत्यू आणि संसर्ग लशीने कमी होतात असे चित्र दिसते पण पुरावा कच्चा आहे, असा त्यांचा प्रामाणिक निष्कर्ष. तो पक्का होण्याची शक्यताही कमी, कारण आजवर जे ठाऊक आहे त्याच्या बळावर कर्करुग्णांच्या एका गटाला मुद्दाम लशीवाचून ठेवायला कुठलीही नैतिकता समिती सहज तयार होणार नाही. अशा वेळी निर्णय कसा घ्यायचा? मी दुसरे पारडे पाहतो. फायद्याबद्दल खात्री मध्यम असेल, तर तोट्याबद्दलची खात्री किती? आणि तिथे पुरावा कच्चा नाही. दंड एक-दोन दिवस दुखणे, क्वचित कणकण. गिया-बारे सिंड्रोम हा नसांचा गंभीर विकार दहा लाखांत एक-दोन इतक्या प्रमाणात, आणि तो विकार खुद्द फ्लू होऊनही उद्भवतो. ज्यांना हा विकार पूर्वी लस घेतल्यावर सहा आठवड्यांत झाला असेल त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये. फायदा लहान आणि तोटा त्याहून कितीतरी लहान, असा हा व्यवहार आहे. मोठा खर्च किंवा मोठा धोका असता तर मी याच पुराव्यावर ‘थांबा’ म्हटले असते.

पैशांबद्दल दोन शब्द. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे बहुतेकांना ती खासगी दवाखान्यात विकतच घ्यावी लागते आणि ती दरवर्षीची आहे. ज्या घराने कर्करोगाच्या उपचारात दागिने मोडले आहेत त्याला दीड-दोन हजार थोडे नाहीत. कर्करोग रुग्णालयांनी फॉलो-अपच्या भेटीतच ही लस मोफत किंवा अल्प दरात द्यायला हवी असे मला वाटते. तोवर, कुणाला प्राधान्य द्यायचे ही निवड करावी लागलीच, तर उपचार संपून पाच वर्षे न झालेले, साठीच्या पुढचे, आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार सोबत असलेले आधी.

आता एक भीती जी बोलून दाखवली जात नाही पण मनात असते: लशीने प्रतिकारशक्ती ढवळून निघेल आणि झोपलेला कर्करोग जागा होईल का? असे होते याचा कोणताही पुरावा नाही, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तसे होण्याचे कारणही दिसत नाही. आपण रोज श्वासातून, अन्नातून, हाताच्या ओरखड्यातून जे परके पदार्थ आत घेतो त्यांच्यापुढे प्रत्येक विषाणूचे १५ मायक्रोग्रॅम प्रथिन म्हणजे काहीच नाही. जरा जास्त विचार करावा लागला तो इम्युनोथेरपी घेणाऱ्यांबाबत, कारण ते औषध प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करते आणि कधी कधी ती आपल्याच थायरॉइडवर, फुप्फुसावर उलटते. स्वित्झर्लंडमधल्या २३ रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात लशीनंतर असा त्रास वाढलेला दिसला आणि काही काळ डॉक्टर बिचकले. पुढे न्यूयॉर्कमध्ये ३७० रुग्णांचे निरीक्षण झाले, त्यात लशीमुळे त्रासात काही भर पडलेली दिसली नाही. आज मार्गदर्शक सूचना इम्युनोथेरपी चालू असतानाही लस घ्यायला सांगतात. यातली गंमत अशी की लशीला बिचकणारी घरे गुळवेलीचा काढा मात्र कुणालाही न विचारता रोज सकाळी पाजतात. करोनाच्या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही जणांत यकृताला झालेली इजा नोंदवली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वाद अजून मिटलेला नाही. माझा मुद्दा काढ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध नाही. तपासून पाहिलेल्या गोष्टीला आपण जेवढे प्रश्न विचारतो तेवढेच न तपासलेल्या गोष्टीलाही विचारावेत.

इथवर मी ‘बहुतेकांनी’ म्हणत आलो. उरलेले कोण? ज्यांच्यात लस आज वाया जाईल, ते. धोका नाही, पण उपयोगही नाही. लिम्फोमासाठी रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन घेतलेले रुग्ण यात पहिले. हे औषध बी-पेशींवरची सीडी-२० ही खूण हेरून त्या पेशी नाहीशा करते, आणि नवी प्रतिपिंडे शिकण्याचे काम याच पेशींचे. २००९ च्या साथीत नॉर्वेत असे ६७ रुग्ण तपासले गेले, ज्यांचे हे औषध चालू होते किंवा संपून सहा महिने झालेले नव्हते. लस घेऊनही त्यांतल्या एकाच्याही रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली नाहीत, निरोगी लोकांत मात्र ८२ टक्क्यांत झाली. म्हणून रिटुक्सिमॅबनंतर निदान सहा महिने थांबावे असे सांगतात. (उपचार सुरू होण्याआधी दोन आठवडे लस मिळाली तर फार चांगले, कारण प्रतिपिंडे बनवणाऱ्या परिपक्व पेशींवर सीडी-२० ची खूण नसते आणि त्या वाचतात. हे वाक्य ज्यांच्या घरात आत्ता निदान झाले आहे त्यांच्यासाठी.) बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरही साधारण सहा महिने, साथ जोरात असेल तर डॉक्टर थोडी आधी देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या प्रयत्नातून आलेली, २०२३ मध्ये मान्यता मिळालेली कार-टी पेशींची उपचारपद्धती आता आपल्याकडेही वापरात आहे; तीही बी-पेशींवरच चालून जाते, तेव्हा ती घेतलेल्यांनी वेळ तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावी. बाकीच्यांना थांबण्याचे कारण नाही. रेडिएशन झालेले, शस्त्रक्रिया झालेली, टॅमोक्सिफेन किंवा लेट्रोझोलच्या गोळ्या चालू असलेले यांनी हंगाम आला की घ्यावी. साधी केमो संपून तीन महिने झाले असतील तर प्रतिसाद अधिक चांगला, पण पावसाळा तोंडावर असेल तर तीन महिने मोजत बसू नये.

आणि ज्यांच्यात लस रुजत नाही त्यांचे काय? त्यांच्या वतीने घरच्यांनी घ्यायची. फ्लू रुग्णापर्यंत बहुधा चालत येतो तो शाळेतून आलेल्या नातवाच्या शिंकेतून किंवा लोकलने आलेल्या मुलाच्या हातावरून. सहा महिन्यांवरच्या प्रत्येकाला ही लस देता येते. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हे पुष्कळ ठिकाणी विसरले जाते. माझ्या मते रुग्णाच्या लशीइतकाच हा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत तर त्याहून जास्त. ८ टक्क्यांच्या लशीवर विसंबून राहण्यापेक्षा घरातल्या चार निरोगी माणसांच्या ५० टक्क्यांवर विसंबणे शहाणपणाचे.

वेळेबद्दल आपल्याकडे मोठा घोळ आहे, कारण या विषयावरचे बरेचसे वाचन अमेरिकेतून येते आणि तिथे लस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घेतात. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा हंगाम पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि एक लहान हंगाम जानेवारी ते मार्च. देशातल्या दहा शहरांतल्या २००९ ते २०१३ च्या नोंदींवरून हे स्पष्ट झाले: पुणे-नागपूरला पावसाळा, चेन्नईला ईशान्य मोसमी पाऊस, श्रीनगरला हिवाळा. लशीनंतर प्रतिपिंडे तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांत ती ओसरू लागतात. म्हणजे आपल्यासाठी एप्रिल ते जून हा काळ बरोबर, आषाढी वारीची आणि पुढे गणपतीची गर्दी सुरू होण्याआधी. खोक्यावर पाहावे. दक्षिण गोलार्धासाठीच्या लशीवर एकच वर्ष छापलेले असते, उत्तर गोलार्धाच्या लशीवर मध्ये आडवी रेघ असलेली दोन वर्षे. मेमध्ये दवाखान्याच्या फ्रीजमध्ये मागच्या वर्षाची, मुदत संपत आलेली दोन वर्षांची खोकी शिल्लक असतात; त्यापेक्षा नवी एका वर्षाची मागावी. ती मिळालीच नाही तर जी आहे ती घ्यावी, आणि एप्रिल ते जून हुकला तर जुलैतही घ्यावी. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी मात्र तिथलेच वेळापत्रक पाळावे.

दंडाबद्दल: स्तनाच्या शस्त्रक्रियेत ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्या हाताला सुई नको. दोन्ही बाजूंच्या काढल्या असतील तर मांडीत घेता येते. लशीनंतर काखेतली गाठ काही दिवस सुजू शकते आणि पेट स्कॅनमध्ये ती नसती शंका उभी करते, म्हणून स्कॅन जवळ असेल तर लशीची तारीख आणि कोणता हात हे रेडिओलॉजिस्टला सांगावे. प्लेटलेट कमी असतील तर बारीक सुई आणि नंतर दोन-चार मिनिटे न चोळता घट्ट दाबून धरणे. केमो अजून चालू असेल, तर काउंट अगदी तळाला गेलेल्या दिवसांत शक्यतो घेऊ नये, कारण त्या दिवसांत आलेला ताप लशीचा की संसर्गाचा हे ओळखता येत नाही. १००.४ फॅरनहाइटवर ताप गेला तर ‘लशीचा असेल’ म्हणून घरी थांबायचे नाही.

लस घेऊनही फ्लू होईल, काहींना होईलच. वरचे आकडे पुन्हा पाहा. म्हणून हंगामात अचानक ताप, अंगदुखी, खोकला सुरू झाला तर ‘लस घेतली आहे’ या भरवशावर दोन दिवस वाट पाहू नये. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत उपयोगी पडते, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ते तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहताही देतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते, त्यामुळे फॅमिली डॉक्टरांना फोनवर पहिल्या वाक्यातच कर्करोगाचे उपचार कधी संपले ते सांगावे. नाहीतर पॅरासिटामॉल देऊन तीन दिवसांनी बोलावतील. पुढच्या फॉलो-अपला कर्करोगतज्ज्ञांकडून फाइलवर ‘मृत विषाणूची फ्लू लस देण्यास हरकत नाही’ एवढी एक ओळ लिहून घ्यावी, म्हणजे दोन डॉक्टरांमधली ती टोलवाटोलवी संपते. त्याच ओळीत न्युमोकोकल आणि नागिणीच्या लशीबद्दलही विचारून ठेवावे. त्या दोन्हींचे वेळापत्रक फ्लूपेक्षा वेगळे आहे, आणि नागिणीच्या लशीतही जिवंत-मृत असा भेद आहे. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.